जुन्या ओम्नीला नवा स्टिरिओ : तुमचे अनुभव लिहा

ओतूरकरीण
काल सिग्नलला शेजारी पांढरी ओम्नी थांबली, सरकतं दार अर्धं उघडं आणि आत आकाशवाणीच्या बातम्या मोठ्याने चालू. लगेच आमची गाडी आठवली. सगळं खटलं कोंबून जेजुरीला निघायचो, कॅसेटची फीत अडकली की आई हेअरपिनने हळूहळू सोडवायची आणि बाबा पेन्सिलीने गुंडाळून परत लावायचे. ती ओम्नी अजून आहे, २००४ ची, पंधरा वर्षांनंतरचं पासिंगही करून घेतलंय, पण टेप पार गेला. बाबांना पुणे आकाशवाणी, पेनड्राइव्हवर भजनं आणि आवाजाचं गोल बटण एवढंच पाहिजे, आणि दुकानात जो तो नऊ इंची अँड्रॉइड गळ्यात मारतोय. जुन्या व्हॅनला कोणी काय बसवलं ते सांगा ना.

पेठेतला
सिंगल डिन घ्या ताई, डोळे झाकून. डिन म्हणजे सेटच्या तोंडाचं ठरलेलं माप, सिंगल म्हणजे १८० बाय ५० मिमी, ओम्नीची खाच तेवढीच असते. मोठी स्क्रीन म्हणजे डबल डिन, १८० बाय १००, त्यासाठी डॅशबोर्ड कापतात, आणि एकदा कापला की खड्ड्याखड्ड्याला कडकड वाजतो. ओम्नी २०१९ ला बंद झालीये, अखंड डॅशबोर्ड आता भंगारातच शोधावा लागतो.

शाळेचीव्हॅन
मी पोरं नेतो रोज. बटणवालाच पाहिजे. गोल बटण न बघता हाताला कळतं, स्क्रीनवर आवाज कमी करायचा तर नजर खाली जाते आणि तेवढ्यात पुढे स्कूटर आडवी येते. माझ्या गाडीत एका बारक्याला रोज एकच गाणं लागतं, नाही लावलं तर चपला घालत नाही 😄

माईआजी
जेजुरी वाचून भंडारा आठवला. आमच्या गाडीच्या सीटमधून वर्षभर निघायचा पिवळा. बाबांना नमस्कार सांग गं.

मध्यमलहर
कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. पुणे आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे मीडियम वेव्ह, सेटवर त्यालाच एएम लिहितात. स्वस्तातल्या बऱ्याच प्लेअरवर नुसतं एफएम असतं, त्यावर विविध भारती १०१ ला लागेल पण ७९२ लागायचं नाही. डब्यावर एएम लिहिलंय का ते बघूनच पैसे द्या. आणि लिहिलं असलं तरी सेटिंगमध्ये रिजन, म्हणजे कुठल्या देशाचं आहे ते बघा, आपल्याकडे एएमची स्टेशनं ९-९ च्या टप्प्याने आहेत, अमेरिकेत १०-१० च्या. अमेरिकेचं सेटिंग राहिलं तर काटा ७९० वरून थेट ८०० वर उडी मारतो आणि बाबांना वाटणार रेडिओच खराब. आमच्या काकांचा नवाकोरा सेट यापायी परत द्यायला काढला होता, रिजन बदलला आणि खणखणीत लागला. एरियल खांबातून ओढून काढायची असते ना ओम्नीला, ती पूर्ण बाहेर येते का तेही बघा, गंजलेली असेल तर आधी ती बदला.

ओतूरकरीण
अरे देवा हे माहीतच नव्हतं!! दादा खूप आभार. एरियल निम्मीच येते वर.

घाटउतार
वायरिंगवाल्यापाशी उभं राहा. पिवळी वायर कायम बॅटरीला, लाल चावीला, काळी अर्थिंग. आमच्याकडे एका दुकानात पिवळी-लाल एकत्र पिळून चिकटपट्टी मारून दिली, चावी काढली तरी सेट चालूच, लग्नाच्या दिवशी सकाळी बॅटरी ठार आणि नवरदेवाचे मामा व्हॅन ढकलतायत. उलटंही होतं, पिवळीसुद्धा चावीला जोडली तर रोज स्टेशनं पुसली जातात, आणि वयस्कर माणूस रोज उठून कुठे परत लावत बसणार.

मीनल_ओस्लो
इकडे नॉर्वेत वेगळंच. २०१७ मध्ये देशभरची मोठी स्टेशनं एफएमवरून काढून डॅबवर, म्हणजे डिजिटल रेडिओवर नेली, त्यामुळे आमच्या जुन्या व्हॅनमधला चांगला चालणारा रेडिओ एका रात्रीत मुका. डॅबवाला सिंगल डिन घेतला, काचेला चिकटवायची वेगळी अँटेना लागली. सेट जुनाच ठेवायची फार इच्छा होती माझी, त्याच्या बटणावरचे आकडे सासऱ्यांच्या बोटांनी पुसलेले होते.

माईआजी
मीनल तिकडे थंडी किती आहे आता? चकल्या पोचल्या का?

मीनल_ओस्लो
पोचल्या माई, निम्म्या चुरा, तरी संपल्या.

बेसवाला
स्पीकरपण बघा, इतक्या वर्षांत कागद फाटलेला असतो, नवा सेट लावूनही फरफर येणार. डब्यावरच्या ५० वॅट गुणिले ४ ला भुलू नका, तो क्षणभराचा आकडा, आरएमएस वाचा, म्हणजे सेट सतत देतो ती खरी ताकद. रेस दिल्यावर कुंईं आवाज आला तर काळी वायर रंग खरवडून स्वच्छ पत्र्याला घट्ट लावा, बहुतेक वेळा तेवढ्यावर जातो. पण ओम्नीचं इंजिन सीटखालीच, त्याची घरघर कुठलाही सेट घालवणार नाही.

ओतूरकरीण
ठरलं. एएमवाला सिंगल डिन, ब्लूटूथसकट. पण बाबा आता विचारतायत जुन्या कॅसेटींचं काय करायचं, टाकायच्या नाहीत म्हणे.

पेठेतला
टाकू नका. घरी टू-इन-वन चालू असेल तर हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपच्या माइकला लावा, आवाज मध्यम ठेवा, रेकॉर्ड करून पेनड्राइव्हवर घ्या. एमपी३ मध्येच घ्या आणि पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारात फॉरमॅट करा, पुष्कळ सेट दुसरं काही वाचत नाहीत. फीत चिकटलेली असेल तर आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे एकदा फिरवून घ्या.