पोरगं बेसबॉलमागे वेडं झालंय, नुसत्या मेहनतीने होतं का काही?

इंदूरची_आई: आमचे चिरंजीव बारा वर्षांचे, सकाळी पोहे-जिलबी टाकून बॅट घेऊन पळतात, कोणी बॉल टाकायला नसलं की गच्चीवर मोज्यात बॉल घालून दोरीला टांगतो आणि हाणत बसतो, खालच्या आजी वैतागल्यात. मोठे खेळाडू जन्मजात असतात की घासून होतात?

सराफा_खवय्या: ताई, बेसबॉलवाला इचिरो सुझुकी बघा. अंगाने किरकोळच, २००१ ला जपानहून अमेरिकेत आला आणि सलग १० सीझन २००च्या वर हिट्स (म्हणजे बॉल मारून सुखरूप बेसवर पोचणं), २००४ ला तर २६२, एका सीझनमधल्या हिट्सचा तो रेकॉर्ड अजून कोणी मोडला नाही. लहानपणी वडील रोज प्रॅक्टिस करून घ्यायचे, पण ते जाचच होतं असं तो स्वतःच पुढे म्हणाला, तेव्हा तुम्ही मागे लागू नका बरं.

गल्लीबॉय_इंदूर: आणि खांदा-कोपर सांभाळा! बॉल फेकण्यात आणि बॅटिंगमध्ये दोन्हीकडे भारी असलेल्या जपानच्या ओहतानीच्या कोपराचं २०१८ आणि २०२३, दोनदा ऑपरेशन झालं. २०२४ ला पिचिंग (बॉल फेकणं) बंद, तर गडी ५४ होमरन (आपल्या सिक्ससारखे फटके) मारून वर ५९ बेस चोरून (सहसा पिचर बॉल फेकताना पुढच्या बेसवर पळून) बसला. रोज रोज जोरात फेकू देऊ नका.

इंदूरची_आई: बरं, खांद्याचं बघते. पण आजींचं काय?

सराफा_खवय्या: गराडू (आपला तळलेला मसालेदार कंद) खाऊ घाला.