पाटीची राखण कोण करणार?

आपल्या स्मारकासाठी पुतळा हवा की स्तंभ, यावरच सगळे बोलताहेत. पण उभारल्यावर त्याची राखण कोण करणार, तेही आत्ताच ठरवा. अमेरिकेत मिसिसिपीत १९५५ साली एमेट टिल या १४ वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी हाल हाल करून मारलं. टालाहाची नदीकाठी त्याच्या आठवणीसाठी लावलेली पहिली पाटी २००८ मध्ये चोरीला गेली. दुसरीची गोळ्यांनी अक्षरशः चाळण केली. पत्र्यावर ३१७ खुणा! २०१९ ला सव्वादोनशे किलोंची पोलादी, गोळी न शिरणारी पाटी बसवली. मला मात्र सगळ्यात पटलं ते हे, की ती चाळण झालेली पाटी फेकली नाही, २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या संग्रहालयात मांडली. आपल्या खर्चात देखभालीचा आकडा घालाच. आणि ज्यांचं स्मारक आहे त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय एक ओळसुद्धा कोरू नका.