‘बुलीज’ला मराठीत काय म्हणावं : गुंड, धसमुसळे, दादा की दांडगे?

प्रश्न : फिलाडेल्फिया फ्लायर्सवर लेख लिहितोय. १९७४ आणि १९७५ असा लागोपाठ दोनदा स्टॅन्ले कप, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगचं विजेतेपद, जिंकणाऱ्या या संघाला ‘ब्रॉड स्ट्रीट बुलीज’ म्हणतात; ब्रॉड स्ट्रीट हा फिलाडेल्फियातला रस्ता. ‘गुंड’ लिहिलं, पण खटकतंय. ‘धसमुसळे’ चालेल?

उत्तर : नको. धसमुसळा म्हणजे ज्याला स्वतःच्या ताकदीचा अंदाज नाही; कप ठेवायला गेला तरी बशी फुटते. त्यात हेतू नसतो. फ्लायर्सच्या मारामारीत होता. १९६८ आणि १९६९ साली सेंट लुईस ब्लूजने या नव्या संघाला प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, धोपटून बाहेर काढलं, तेव्हा मालक एड स्नायडर यांनी ठरवलं की आपली पोरं यापुढे मार खाणार नाहीत. पुढे फ्लायर्सच्या डेव्ह शुल्ट्झने १९७४-७५च्या हंगामात ४७२ मिनिटांची शिक्षा भोगली (आइस हॉकीत आगळिकीची शिक्षा मिनिटांत मोजतात). तो विक्रम आजही मोडलेला नाही.

‘गुंड’ म्हटलं तर गोलरक्षक बर्नी पॅरेंट कुठे बसवणार? १९ मे १९७४ला अंतिम फेरीच्या निर्णायक सामन्यात बॉस्टनविरुद्ध एकच गोल झाला, तो फ्लायर्सचा. पॅरेंटने समोरच्यांना एकही करू दिला नाही, आणि कप फिलाडेल्फियात आला.

मी ‘दांडगे’ सुचवेन. ‘दांडगाई’ ही तक्रार, पण ‘दांडगा अनुभव’, ‘दांडगा उत्साह’ हे कौतुक. जानेवारी १९७३मध्ये तिथल्या ‘बुलेटिन’ दैनिकाच्या मथळ्यात ‘बुलीज’ आलं आणि शहराने ते बिरुदासारखं मिरवलं. तक्रार आणि कौतुक दोन्ही पेलणारा आपल्याकडचा शब्द हाच.

आणखी एक मत : ‘दादा’ का नको? गल्लीतला दादा धाक दाखवतो, घरातला दादा धाकट्याच्या पाठीशी उभा राहतो. कप्तान बॉबी क्लार्कच्या अंगावर कोणी आलं की शुल्ट्झ मध्ये पडायचा. हे दादाचंच काम.

प्रश्नकर्ता : शुल्ट्झपुरतं पटलं. पण १९७२मध्ये कॅनडाकडून खेळताना क्लार्कने सोव्हिएत खेळाडू खार्लामोव्हच्या घोट्यावर मुद्दाम काठी हाणली. ११ जानेवारी १९७६ला फ्लायर्सच्या एड व्हॅन इम्पीने त्याच खार्लामोव्हला आडवं केलं, तेव्हा रेड आर्मी या सोव्हिएत सैन्याच्या क्लबचा अख्खा संघ मैदान सोडून गेला. परतला आणि ४-१ हरला. मला हा संघ मनापासून आवडतो, तरी यात पाठराखण कुठेच दिसत नाही. ‘दादा’ लिहिलं तर खार्लामोव्हचा घोटा झाकला जाईल. ‘ब्रॉड स्ट्रीटचे दांडगे’ असंच लिहितो.