भर उन्हात गाडी धुताना पाण्याचे डाग कसे टाळता? आपापले अनुभव सांगा

धागा काढायला कारण माझाच परवाचा पराक्रम. गाडी काळी. सुट्टीच्या दिवशी दुपारी एकला मोकळा झालो, पाईप लावला, सगळी गाडी एकदम शाम्पूने माखली, निवांत धुतली आणि म्हटलं ऊन आहेच की, वाळेल आपली आपण, पुसायचे कष्ट कशाला. तासाभराने खाली येऊन बघतो तर बोनेटवर नि टपावर पांढऱ्या गोल गोल कड्या, जणू गाडीला देवी आल्यात. ओल्या फडक्याने पुसलं की गायब, वाळलं की परत हजर. सावलीची जागा नाही नि सकाळी वेळ नाही, तेव्हा "सकाळी लवकर धुवा" एवढं सोडून काय ते सांगा.

* * *

सकाळी लवकर धुवा. 😄

बरं, गंमत सोडा. खरी भानगड उन्हाची नाही, पत्र्याची आहे. मी एकदा रात्री नऊला, सूर्याचा पत्ता नसताना गाडी धुतली तरी फक्त बोनेटवर डाग, बाकी गाडी स्वच्छ. डोकं खाजवलं तेव्हा लक्षात आलं की लांबून चालवत आणून लगेच पाणी मारलं होतं, इंजिनाच्या धगीने बोनेट तापलेलं होतं. तेव्हापासून आधी बोनेटवर उलटा हात ठेवून बघतो, पाचेक सेकंद ठेववला नाही तर नुसतं साधं पाणी सोडत राहायचं, पत्रा निवेपर्यंत शाम्पूला हात लावायचा नाही. काळ्या गाडीला हे जास्तच लागतं, पांढरीच्या मानाने ती कितीतरी जास्त तापते.

* * *

मलाही दुपारशिवाय वेळ मिळत नाही, रात्रपाळी असते. माझी चूक अगदी तुमचीच होती, सगळ्या गाडीला एकदम फेस. डावी बाजू घासून उजवीकडे येईस्तोवर डावीकडचा शाम्पू वाळून चिकट व्हायचा, त्याचे ओघळ वेगळे नि पाण्याचे ठिपके वेगळे. आता तुकड्यातुकड्याने करतो. आधी अख्खी गाडी भिजवायची, मग टप घासला की लगेच धुवायचा, लगेच पुसायचा, मग काचा, मग एकेक दरवाजा, बोनेट अगदी उन्हात असेल तर त्याचेसुद्धा दोन भाग. मधेमधे बाकीच्या गाडीवर पाणी मारून ती ओली ठेवायची, पुसलेल्यावर उडालेले शिंतोडे तेवढे टिपून घ्यायचे. चाकं मी आधीच उरकतो, वेगळी बादली वेगळा ब्रश, नाहीतर ब्रेकची काळी पूड सगळीकडे फिरते. वेळ जास्त लागतो हे खरं, पण डागांच्या मागे तीन तास घालवण्यापेक्षा बरं.

* * *

पाणी कुठलं वापरता ते कुणी विचारलंच नाही! बोरचं असेल तर पुढचं सगळं त्यातच आलं. पाणी उडून जातं पण त्यातलं कॅल्शियम मॅग्नेशियम कुठे जाणार, ते तिथेच बसतं, बादलीच्या काठावर धरतो तोच क्षार. मी घरी सॉफ्टनर बसवला नि मोठ्या हौसेने टीडीएस मीटर (पाण्यात एकूण किती विरघळलंय ते दाखवतं ते) घालून बघितलं तर आकडा जवळपास जिथल्या तिथे! वाटलं फसवलं. मग कळलं की सॉफ्टनर कॅल्शियम मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो, एकूण विरघळलेलं तेवढंच राहतं, म्हणून मीटरला फरक दिसत नाही. ठिपके त्यानेही पडतात पण ते ओल्या फडक्याने सहज निघतात, दगडासारखे बसत नाहीत. अजिबातच नको असतील तर शेवटचं पाणी डिस्टिल्ड, बॅटरीत घालतात तेच. ते फवारणीच्या हातपंपात भरून मी वरून फिरवतो, चारेक लिटरात भागतं. आणि आरओचं वाया जाणारं पाणी साठवून गाडी धुणाऱ्यांनो, त्यात क्षार नळाच्या पाण्यापेक्षाही जास्त असतात हो, फरशीला वापरा.

* * *

मी शाळेत असल्यापासून ऐकतेय की पाण्याचा थेंब भिंगासारखा काम करतो नि ऊन एका जागी आणून रंग जाळतो. खरं आहे का हे?

* * *

नाही. थेंब पत्र्याला चिकटून बसलेला असतो, किरण एकत्र यायला मधे अंतर तर हवं ना. जळतंय असं दिसतं ते वाळत जाणाऱ्या थेंबात क्षार घट्ट होत जातात, कडेला जास्त जमतात नि तापल्या रंगावर बसतात त्यामुळे. म्हणून तर कडी दिसते, मधे रिकामी.

* * *

आमच्याकडे गाडी मी धुते, अहो फक्त सूचना देतात. माझे दोनच मुद्दे. एक, शेवटी पाणी मारताना पाईपचं तोंड काढून टाका. फवाऱ्याने हजार थेंब बसतात, पण नुसता पाईप पत्र्याजवळ धरून टपावरून हळू धार सोडली की पाणी पडद्यासारखं सरकत खाली येतं आणि जाताना बाकीचे थेंबही ओढून नेतं, मागे पुसायला फारसं उरतच नाही. दुसरं म्हणजे टॉवेल. जुने बनियन आणि साड्यांचे तुकडे बंद करा, पाणी पुसतात कमी नि पसरवतात जास्त. जाड लोकरी मायक्रोफायबरचा मोठा टॉवेल पत्र्यावर पसरायचा नि दोन टोकं धरून हळू ओढून घ्यायचा, घासायचं नाही. माझ्या टॉवेलने एकदा अचानक पाणी प्यायचंच बंद केलं, तर निघालं की अहोंनी उत्साहाने तो फॅब्रिक कंडिशनरमध्ये बुडवला होता. सूचनांच्या पलीकडे गेले की असं होतं.

* * *

सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवतात तो संरक्षक थर) केलंय, आता डाग पडणारच नाहीत, या भ्रमात मी वर्षभर होतो. कोटिंगवर थेंब टपोरा गोल उभा राहतो, दिसतो छान, पण उन्हात वाळू दिला तर त्यातला सगळा क्षार एका ठिपक्यात गोळा. कोटिंगने धूळ पटकन निघते नि पुसणं सोपं होतं, एवढंच. पुसायचं चुकत नाही.

* * *

पडलेल्या डागांचं काय करायचं ते सांगतो. पांढरं व्हिनेगर नि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं, फडका भिजवून डागावर मिनिटभर ठेवायचा, पुसायचं, मग भरपूर पाणी. सावलीत, गार पत्र्यावरच, उन्हात केलंत तर ते वाळून नवीन भानगड. वॅक्स असेल तर तेही थोडं उतरतं, परत लावा. एवढ्याने गेले तर क्षार नुसते वर बसले होते. नाही गेले आणि बोट फिरवल्यावर बारीक खळगा लागला तर रंगात उतरलेत, तिथे पॉलिशशिवाय इलाज नाही. आणि ते दर महिन्याला करू नका, रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40-50 मायक्रॉनचा असतो, केसापेक्षाही पातळ, दर पॉलिशला त्यातलाच थर जातो. माझ्या आधीच्या गाडीचं बोनेट मी असंच हौसेने झिजवलंय.

* * *

धागाकर्ता परत आलो. व्हिनेगरने टपावरचे सगळे गेले, बोनेटवर पाचसहा राहिलेत, खळगे लागतात, म्हणजे मीच उशीर केला. काल परत दुपारीच धुतली, आधी दहा मिनिटं नुसतं पाणी, मग तुकड्यातुकड्याने, शेवटी तोंड काढलेला पाईप. आरशासारखी झाली. फोटो काढायला खाली वाकलो तर उजव्या साइड मिररच्या फटीतून एक धार दरवाजाभर ओघळून वाळलेली. हे मिररमधलं पाणी कसं काढता कुणी?

* * *

आधी आरसे दुमडून झटका द्या, मग गाडी पाच मिनिटं तशीच ठेवा नि पुन्हा पुसा. हँडलच्या खाली नि नंबर प्लेटच्या मागेही बघा, तिथूनही येणार आहे.