मदत हवी आहे: ग्रहांची आवर्तनं आणि पावसाच्या नोंदी

नमस्कार मंडळी. ग्रहगतीवरून वर्षभर आधी हवामान सांगता येतं का, हे मला स्वतः आकडे मांडून तपासायचंय. गुरू-शनी युती साधारण 20 वर्षांनी होते (मागच्या दोन 2000 आणि 2020 मध्ये). म्हणजे शंभर वर्षांच्या नोंदी घेतल्या तरी युत्या जेमतेम पाच! एवढ्यावरून योगायोग वेगळा कसा काढायचा? त्यात गुरूची प्रदक्षिणा 11.86 वर्षांची, सूर्यडागांचं चक्र सुमारे 11 वर्षांचं, त्यामुळे दोघांची गल्लत होतेच. राहू-केतूचं (म्हणजे चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला छेदते त्या दोन बिंदूंचं) 18.6 वर्षांचं चक्र मात्र मला आशादायक वाटतं, कारण भरती-ओहोटीवर त्याचा परिणाम मोजलेला आहे. कोणी अशी पडताळणी केली आहे का? भाकीत आधी लिहून ठेवायचं, तर पडताळणीसाठी किती वर्षांच्या नोंदी बाजूला ठेवू?