ऑडिटच्या फिरतीसाठी लॅपटॉप: मॅकबुक एअर १३ (एम४) की थिंकपॅड ई१४ (जेन ६)?

खामला_लेखा

नमस्कार. सीए ऑफिससाठी एक लॅपटॉप घ्यायचा आहे. ऑफिस नागपुरात खामल्याला, पण महिन्यातले दहा-बारा दिवस फिरती असते: गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, कधी थेट अहेरी. तिमाहीत एकदा मुंबई, विदर्भ एक्सप्रेसने नाहीतर विमानाने.

काम: टॅली प्राइम, एक्सेल (पन्नास-साठ हजार ओळींची लेजर, पिव्होट, मॅक्रो), जीएसटी आणि आयकर पोर्टल, तीन-चार डीएससी टोकन (डिजिटल सहीचे यूएसबी पेनड्राइव्हसारखे तुकडे). फोटो-व्हिडिओचं काम शून्य.

दोन पर्याय उरलेत. एक, मॅकबुक एअर १३, एम४, १६ जीबी/२५६ जीबी. दुसरा, थिंकपॅड ई१४ जेन ६, इंटेल कोअर अल्ट्रा ५, १६ जीबी/५१२ जीबी. एअर १.२४ किलो, ई१४ साधारण १.४४. बॅटरीत एअर सरळ पुढे दिसतो. बजेट लाखाच्या आत. मे महिन्यात क्लायंटच्या गोदामात बसून काम करावं लागतं, तेही लक्षात घेऊन सांगा.

टॅली_उमरेडरोड

ताई, वजन आणि बॅटरी नंतर. आधी सॉफ्टवेअरची यादी समोर ठेवा, निकाल तिथेच लागतो.

टॅली प्राइम विंडोजवरच चालतं. एम४ मॅकवर बूट कॅम्प (थेट विंडोज टाकायची सोय) नाही, म्हणजे पॅरलल्स (मॅकमध्येच विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर) विकत घेऊन त्यात विंडोज ११ ची आर्म, म्हणजे मॅकच्या प्रोसेसरला चालणारी, आवृत्ती टाकावी लागते. टॅली तिथे इम्युलेशनवर, म्हणजे इंटेलसाठीचा प्रोग्राम भाषांतर करत, चालून जातं. अडतं ते टोकनपाशी. विंडोज प्रोग्रामचं इम्युलेशन करतं, ड्रायव्हरचं (उपकरण ओळखायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरचं) करत नाही. टोकनच्या कंपनीने आर्मसाठी वेगळा ड्रायव्हर दिला नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह दिसतं आणि पोर्टलवर सर्टिफिकेटची यादी रिकामी येते. काही टोकनना मॅकओएसचं सॉफ्टवेअर मिळतं, पण चार टोकन चार कंपन्यांची असली तर चारही चालली पाहिजेत. कंपनी आणि एलएलपीच्या जीएसटी रिटर्नला डीएससीच लागते, तिथे ओटीपीचा रस्ता नाही. रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, २० तारखेच्या संध्याकाळी टोकन ओळखलं गेलं नाही तर दुसरं मशीन शोधत फिरावं लागेल.

एक्सेलचंही तसंच. मॅकच्या एक्सेलमध्ये पॉवर पिव्होट नाही, अॅक्टिव्हएक्स बटणं असलेल्या मॅक्रो फाइल चालत नाहीत. आयकराची एक्सेल युटिलिटी विंडोजवरच्या एक्सेलसाठी बनवलेली असते.

ई१४ ला दोन यूएसबी-ए पोर्ट, एचडीएमआय, लॅनचं भोक आणि दोन टाइप-सी आहेत. टोकन थेट बसतं. एअरला दोन टाइप-सी आणि मॅगसेफ, बास. म्हणजे पोर्ट वाढवणारा हब आला. स्वस्त हबमध्ये टोकन सहीच्या मधेच डिस्कनेक्ट होतं, कारण हब पॉवर वाचवायला झोपतो. दोनशे ग्रॅमच्या फरकातलं बरंच हब आणि वायर खाऊन टाकतात.

नवीन मशीनवर हा क्रम पाळा: आधी टोकनचा ड्रायव्हर, मग रीस्टार्ट, मग पोर्टलवर सही करायची सॉफ्टवेअर, जीएसटीचं ईएमसायनर आणि आयकराचं एमब्रिज. ईएमसायनर "रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर" करूनच उघडा. पॉवर ऑप्शन्समध्ये "यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड" बंद करा. आणि जुन्या मशीनवरचं टॅलीचं लायसन्स सरेंडर केल्याशिवाय नव्यावर अॅक्टिव्हेट करायला जाऊ नका. तसं केलं तर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडतं आणि महिन्याच्या १, २ आणि शेवटच्या तारखेशिवाय एंट्री घेत नाही.

एक गोष्ट न विचारता सांगतो. क्लायंटचं टोकन आणि पिन दोन्ही आपल्या बॅगेत, ही पद्धत बंद करा. आयटी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे खाजगी किल्ली (टोकनमधला सहीचा गुप्त कोड) सांभाळण्याची जबाबदारी टोकनधारकाची आहे. सही त्यांच्यासमोर, त्यांच्या हातून होऊ द्या.

एअर_वापरा

थोडं वेगळं मत मांडतो. टॅली ऑफिसच्या विंडोज मशीनवर ठेवा आणि एअरवरून रिमोटने जोडा. टॅलीचं टीएसएस (सदस्यता) चालू असेल तर बरेच रिपोर्ट साध्या ब्राउझरमध्येही दिसतात. एअरचा पडदा ५०० निट्स उजेडाचा आहे, खिडकीशी बसून आकडे वाचता येतात. बॅटरी दिवसभर जाते, चार्जर घरी राहिला तरी चालतं. रेल्वेगाडीत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंग पॉइंट बंद ठेवतात, तेव्हा हे कामाला येतं. सहा-सात वर्षं मशीन टिकतं, जुनं विकताना किंमतही चांगली येते.

टॅली_उमरेडरोड

बॅटरी आणि पडद्याबद्दल एकदम मान्य, तिथे एअरच सरस. पण रिमोट चालायला दोन्ही टोकांना नेट पाहिजे. आलापल्लीच्या पुढे नेटवर्कच्या भरवशावर ऑडिट ठरवता येत नाही, आणि ऑफिसची लाइट गेली की यूपीएस असेपर्यंतच मशीन जिवंत. रिमोटमधून सही करायची तर टोकन ऑफिसच्या मशीनला लावून ठेवावं लागेल. ते मी कोणालाच सुचवणार नाही.

बर्डी_रिपेअर

गोदामाचं विचारलं म्हणून उन्हाळ्याचं सविस्तर लिहितो. हा प्रश्न नागपूरकराने आधी विचारायला पाहिजे, पण बहुतेक जण मशीन बंद पडल्यावर विचारतात.

दोन्ही कंपन्या चालू मशीनसाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४४-४५ असतं. म्हणजे पत्र्याच्या गोदामात दोन्ही मशीन मर्यादेबाहेर चालणार, फरक एवढाच की दोघं ते वेगवेगळ्या तऱ्हेने सोसतात. एअरला पंखा नाही. तापला की प्रोसेसरचा वेग उतरवतो, आवाज नाही, धूळही ओढत नाही. एंट्री आणि ब्राउझरला फरक जाणवणार नाही, मोठी शीट रीकॅल्क्युलेट होताना जाणवेल. ई१४ ला पंखा आहे, वेग जास्त वेळ टिकतो, पण तो खालून हवा ओढतो. गादीवर, सतरंजीवर किंवा मांडीवर ठेवला की खालची जाळी बंद. तूरडाळीच्या मिलमध्ये, जिनिंगमध्ये बसणार असाल तर भुकटी आणि कापसाचा तंतू हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत जाऊन नमद्यासारखा बसतो. वर्षातून एकदा, मार्चच्या आत, साफ करून घ्या. वरून ब्लोअर मारून तो निघत नाही, मागचं कव्हर उघडावं लागतं. ब्लोअर मारताना पंखा काडीने अडवून धरावा, नाहीतर उलटा भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं.

कूलरच्या थेट झोतात कोणताही लॅपटॉप ठेवू नका. नुसत्या ओल्या हवेपेक्षा झोताबरोबर उडणारे थेंब वाईट. बोअरच्या पाण्यातले क्षार सुकून पोर्टच्या पिनांवर पांढरे जमतात आणि मग "चार्ज होत नाही" म्हणून मशीन दुकानात येतं. कूलर बाजूला, झोत तिरपा.

गाडीच्या डिक्कीत लॅपटॉप सोडून जेवायला जाऊ नका. बंद गाडीत उन्हात ६० अंश सहज होतात आणि लिथियमची बॅटरी तिथेच म्हातारी होते, पुढे फुगून टचपॅड वर उचलते. टचपॅडचं क्लिक घट्ट झालं तर ते फुगण्याचं पहिलं लक्षण समजा, त्या दिवसापासून चार्जिंग बंद करा.

अर्थिंगचंही बघा. एअरच्या सोबतचा छोटा अडॅप्टर दोन पिनांचा. चार्जिंगला लावून हात ठेवला की धातूच्या बॉडीवर झिणझिण्या येतात. तो गळतीचा सूक्ष्म प्रवाह असतो, जिवाला धोका नाही, पण बॉडी अर्थ होत नसल्याचं ते चिन्ह आहे. अडॅप्टरच्या दोन पिनांच्या तुकड्याजागी अॅपलची तीन पिनांची अर्थिंगवाली एक्स्टेन्शन केबल लावली की जातं, अट एवढीच की सॉकेटमध्ये खरंच अर्थिंग असावं. खेड्यातल्या जुन्या इमारतीत तिसरं भोक नुसतं शोभेचं असू शकतं.

खामला_लेखा

सगळ्यांचे आभार. टोकन आणि गोदाम, दोन्हीमुळे ई१४ कडे वळते आहे. आता तीन गोष्टी विचारते: कोणतं कॉन्फिगरेशन, प्रवासात चार्जिंगचं काय, आणि बिल कोणत्या नावाने?

टॅली_उमरेडरोड

बिल फर्मच्या नावाने, जीएसटीआयएनसह. १८ टक्के जीएसटी आहे. उदाहरणार्थ ९०,००० च्या बिलात ७६,२७१ मूळ किंमत आणि १३,७२९ कर. कराचं क्रेडिट घेणार असाल तर घसारा मूळ किमतीवरच, कराच्या रकमेवर नाही, हे तुम्हाला सांगायला नको. ४० टक्के घसाऱ्याचा ब्लॉक, पण वापर १८० दिवसांपेक्षा कमी तर २० टक्केच. म्हणून ३ ऑक्टोबरपर्यंत वापरात आणा.

बर्डी_रिपेअर

कॉन्फिगरेशन: पडदा १००% एसआरजीबीवाला (जास्त रंग दाखवणारा) मागा. ४५% एनटीएससीवाला (कमी रंगांचा) स्वस्त, पण फिकट दिसतो आणि दिवसभर आकडे वाचून डोळे शिणतात. बॅटरी ४७ आणि ५७ वॉट-अवर अशा दोन येतात. फिरतीला ५७ चीच. दुकानदार "सेमच आहे" म्हणाला तरी बिलावर लिहून घ्या, नंतर बदलायची म्हणजे नवीन बॅटरीचा खर्च. वॉरंटी ऑनसाइट आहे की कॅरी-इन, तेही सीरियल नंबर टाकून साइटवर तपासा. सील समोर फोडा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये "पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट" चालवा. नव्या मशीनवर सायकल काउंट (बॅटरी किती वेळा चार्ज होऊन वापरली) अगदी थोडा आणि फुल चार्ज कपॅसिटी डिझाइन कपॅसिटीच्या आसपास असली पाहिजे. सायकल तीस-चाळीस असतील तर तो डेमो पीस आहे, परत करा.

चार्जिंग: ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर लॅपटॉप आणि फोन दोघांना पुरतो, पण दोन्ही पोर्ट वापरले की बहुतेक चार्जर ४५ आणि २० असे वाटून देतात. पॉवर बँक २०,००० एमएएचची, म्हणजे ७४ वॉट-अवर. विमानात १०० पर्यंत नेता येते, तीही हातातल्या बॅगेतच. तिच्यावर ४५ वॉट किंवा जास्त पीडी (टाइप-सीचं जलद चार्जिंग) लिहिलेलं असावं. २२.५ वॉटची फोनवाली लॅपटॉपला पुरत नाही. रूपांतरात थोडी ऊर्जा जाते, त्यामुळे एक भराई जेमतेम मिळेल. ऑफिसात लॅपटॉप दिवसभर प्लगला राहत असेल तर लेनोवोच्या व्हँटेज अॅपमध्ये चार्जची मर्यादा ७५-८० टक्के लावा, फिरतीच्या आदल्या रात्री काढा.

रॅम एकाच स्टिकची आली असेल तर दुसरा स्लॉट रिकामा असतो. डीडीआर५ ५६०० ची १६ जीबी लॅपटॉप स्टिक घाला, ड्युअल चॅनलचा (दोन स्टिक एकत्र चालण्याचा) फायदा मोठ्या शीटला होतो. आधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कचं कुलूप) ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवा. मग मशीन चालू होताना एफ१ दाबून बायोस (मशीनची मूळ सेटिंग), कॉन्फिग, पॉवर, "डिसेबल बिल्ट-इन बॅटरी". मशीन बंद होईल. खालचे स्क्रू सैल करा, ते कव्हरमध्येच अडकून राहतात, ओढून काढू नका. प्लास्टिकच्या पट्टीने बिजागरीच्या बाजूने कव्हर सोडवा, स्टिक तिरपी घाला आणि दाबा, दोन्ही बाजूंच्या क्लिपचा "टक" आवाज आला पाहिजे. परत चालू करताना अडॅप्टर लावावाच लागतो, नुसत्या बटणाने होत नाही. आणि पहिल्यांदा पडदा मिनिट-दोन मिनिटं काळाच राहील. डीडीआर५ मेमरी जुळवून घेत असते. घाबरून बटण दाबून धरू नका, तसंच राहू द्या.