मदत हवी आहे: मूळ व्यंगचित्रांवरची जुनी सेलोटेप काढावी का?

खानापूर भागातल्या आमच्या वाचनालयाकडे एका दिवंगत स्थानिक चित्रकाराची मूळ व्यंगचित्रं आली आहेत, बहुतेक सीमाप्रश्नावरची. काळ्या शाईचं काम ठणठणीत आहे. अडचण दुरुस्त्यांची. चुकलेल्या रेषांवर लावलेला पांढरा पोस्टर कलर खपल्या धरून सुटतोय, आणि नेमकी त्यावरूनच कुणीतरी सेलोटेप मारलीय. ती आता पिवळी, चिकट झालीय. पांढऱ्याखाली आधी काढलेलं नाक दिसतं, समासात निळ्या पेन्सिलीतली छपाईची मापं. छापील अंकात यातलं काहीच नसतं, अभ्यासाला खरं मोल त्याचंच. ते जाता कामा नये.

स्कॅनरवर दाबली तर खपल्या पडतील, म्हणून कॅमेऱ्यानं पुढून-मागून फोटो घेतलेत. चित्रं आम्लरहित कागदात आडवी ठेवलीत. लॅमिनेशन करायचं नाही, हे पक्कं. ब्लेड, पेट्रोल, हेअर ड्रायर काहीच लावलेलं नाही. इथला पावसाळा फार दमट, एसी नाही. मूळ चित्रं मुंबई-बंगळूरला पाठवायला कुटुंब राजी नाही.

तज्ज्ञ मिळेपर्यंत टेप तशीच ठेवावी, की तिचा चिकटा कागदात आणखी मुरण्याआधी काढावी? आणि बेळगाव, धारवाड किंवा कोल्हापुरात कागदावरच्या चित्रांचं संवर्धन करणारं कुणी आहे का?